अनुभव धागा : उन्हाळा, सॅलड आणि ‘आज मला काय हवंय?’

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरचे सगळे आठवडाभर बाहेर गेले होते. दुपारी ओट्यापाशी उभी राहिले, कांदा हातात घेतला आणि थबकले. कच्चा कांदा मला आवडतो का? खरंच सांगता येईना. एकाला कांदा चालत नाही, एकाला ढोबळी मिरचीचा वास सहन होत नाही, एकाला सगळं अगदी बारीक चिरलेलं लागतं, ही यादी मला झोपेतही पाठ आहे. त्या यादीत मी कधी नव्हतेच.

त्या दिवशी एकेका भाजीची फोड नुसती मिठाशी खाऊन पाहिली. कांदा आवडतो, पण पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवलेला. उग्रपणा उतरतो, कुरकुरीतपणा राहतो. काकडी जाड हवी, सालासकट. टोमॅटो फ्रिजबाहेरचा. गारठ्यात त्याचा स्वाद मरतो हे ठाऊक असूनही मी तो इतकी वर्षं फ्रिजमध्ये ठेवत आले, कारण घरात सगळ्यांना गार लागतो. वर भरपूर लिंबू, चमचाभर तेल, ताजी मिरपूड. वाडगा घेऊन खिडकीशी बसले ती शेवटची फोड संपेपर्यंत उठले नाही. मधे कुणाला काही वाढायचं नव्हतं.

आता उन्हाळाभर आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे होतं. भाजीच्या टोपलीत हात घालण्याआधी स्वतःला विचारते, आज कुरकुरीत हवंय की मऊ? आंबट की गोडसर? पोटभरीचं की नुसतं गार? तुम्ही कसं करता? कृती लिहाच, पण तो वाडगा तुम्हाला काय देतो तेही लिहा.

* * *

माझी रात्रपाळी असते, वॉर्डात. सकाळी घरी येते तेव्हा अंग दमलेलं असतं, पण डोक्यात घंटा वाजतच असतात. तशीच आडवी झाले तर झोप येत नाही. म्हणून आधी अंघोळ, मग चिरायला बसणं. फोन दुसऱ्या खोलीत. काकडीचं देठाकडचं टोक कापते आणि एक चकती चाखते, कारण कडवटपणा असला तर बहुतेक तिथेच असतो. ती थंड, पाणीदार चकती जिभेवर आली की मी घरी आले असं वाटतं. नंतर गाजर. सुरीखाली गाजर तुटल्याचा आवाज एका लयीत यायला लागला की खांदे आपोआप खाली येतात. काकडी, गाजर, मक्याचे वाफवलेले दाणे, पुदिना, लिंबू. एवढंच, रोज तेच. बदल मला नको असतो, कारण रात्रभर सगळं अनपेक्षितच घडलेलं असतं.

* * *

मी नैराश्यावर उपचार घेतोय. वाईट दिवसांत चिरणं-सोलणं तर सोडाच, सुरी शोधणंही डोंगराएवढं होतं. समुपदेशकांनी विचारलं होतं, ‘कमीत कमी काय जमेल?’ मी म्हणालो, दोन गोष्टी एका वाटीत टाकणं. तेव्हापासून माझं सॅलड दोन गोष्टींचं: उकडलेले छोले आणि हाताने फोडलेला टोमॅटो. मीठ घातलं की टोमॅटोला रस सुटतो आणि तोच छोल्यांना लागतो, वेगळं काही करावं लागत नाही.

छोले मात्र आधी तयार असावे लागतात. बरा दिवस असला की आदल्या रात्री भिजवलेले छोले उकडून, छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. डब्यांवर काही लिहीत नाही. पण वाईट दिवशी डबा काढताना माहीत असतं की हा मीच माझ्यासाठी ठेवलाय. त्या दिवसांत माझी काळजी घेतल्याचा तेवढाच पुरावा समोर असतो आणि तो पुरतो.

* * *

थोडा वेगळा सूर लावते. माझ्यासाठी सॅलड ही शिक्षा होती. तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून ‘वजन कमी कर’ म्हणून समोर कोरडी पानं आणि काकडी यायची, बाकीचे जेवायचे. त्यामुळे ‘सॅलड म्हणजे स्वतःची काळजी’ असं कुणी म्हणालं की आजही पोटात गोळा येतो.

मला वळण मिळालं ते तेलाने. गाजरातलं बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन हे स्निग्धात विरघळणारे पदार्थ. सोबत थोडं तेल असेल तर शरीर ते जास्त चांगलं शोषून घेतं. हे वाचलं तेव्हा रडले, खरंच. इतकी वर्षं जे चोरून खावं लागेल असं वाटायचं, ते तर त्या ताटाचा भाग होतं. आता तीन चमचे तेल, एक चमचा लिंबाचा रस, थोडी मोहरीची पेस्ट, मीठ, हे बाटलीत घालून हलवते. मोहरीमुळे तेल आणि रस लगेच फुटत नाहीत. वर भाजलेले दाणे, उकडलेला बटाटा, कधी चीज. आणि वजनकाटा त्या खोलीत नसतो.

* * *

माझ्याकडे निवड आवडीची कमी, रिपोर्टची जास्त. मूत्रपिंडाचा आजार असल्याने पोटॅशियम आणि मीठ दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. आहारतज्ज्ञांनी मला टोमॅटो मोजून दिलाय. काकडी, कोबी, थोडी ढोबळी मिरची चालते. (हे माझ्यापुरतं. प्रत्येकाचं त्याच्या रिपोर्टवर ठरतं, कृपया स्वतःच्या डॉक्टरांना विचारा.) सुरुवातीला वाटायचं, उरलं काय? मग मिठाची जागा लिंबाची किसलेली साल, पुदिना, मिरपूड आणि किंचित लसूण यांनी घेतली. कोबी इतका बारीक चिरतो की तो उजेडात आरपार दिसतो. बाकी सगळं ‘हे नको, ते नको’ असलेल्या दिवसात ती बारकाई तेवढी माझी स्वतःची असते.

* * *

बोटांचे सांधे दुखतात, सुरी धरवत नाही. जाड किसणीवर गाजर आणि काकडी, कोथिंबीर कात्रीने. काकडीच्या किसाला आधी मीठ लावून पाणी निथळू देते, नाहीतर सगळं पातळ होतं. ते पाणी लिंबू घालून पिऊन टाकते.

* * *

ताई, तुमचं कांद्याचं वाचलं आणि लिहिता लिहिता उठून गेले. एक कांदा चिरला, अर्धा तसाच ठेवला, अर्धा पाण्यात. दोन्ही खाल्ले, पुन्हा एकदा खाल्ले. मला कच्चा कांदा आवडत नाही. कुठलाच. बावीस वर्षं मी तो रोज खातेय.

उद्या ढोबळी मिरची चाखून बघणार आहे, तिन्ही रंगांची. मग येऊन लिहिते.