हार्ड क्रोमचं मॉडेल टोकाशी चुकतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एम.ई. करतोय. प्रबंधाचा विषय असा: हायड्रॉलिक रॉडवर हार्ड क्रोम (विजेने चढवलेला क्रोमियमचा कठीण थर) चढवताना कुठे किती जाड थर बसेल, ते आधीच गणिताने सांगायचं. महिनाभर एकाच जागी अडकलोय.

रॉड 40 मिमी व्यासाचा, 300 मिमी लांब. टाकी मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) एका छोट्या युनिटची. मालक मराठीच, रविवारी वापरू देतात. नेहमीचंच द्रावण: लिटरला 250 ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड, 2.5 ग्रॅम सल्फेट, तापमान 55 अंश. 150 अँपिअर, दोन तास. म्हणजे सरासरी 40 अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर. दोन्ही सपाट तोंडं मेणाने बंद केलेली.

मॉडेल म्हणतं, मध्ये 50 मायक्रॉन, टोकाला 70. रॉड मोजला तर मध्ये 48 आणि टोकाला 84! कडेवरून बोट फिरवलं तर बारीक रवा चिकटल्यासारखे दाणे लागतात.

टोकाला वीज गोळा होते, थर जाड बसतो, इतपत मलाही कळतं. पण इतका? द्रावणात वीज कशी पसरते त्यासाठी लाप्लासचं समीकरण सोडवतो, पृष्ठभागावर टाफेलचं समीकरण (व्होल्टेज आणि करंटचं नातं), जाडी फॅरेडेच्या नियमाने, कार्यक्षमता (विजेतला धातू बसवणारा वाटा) सगळीकडे 15 टक्के. गणितासाठी टाकीचे जे तुकडे पाडतो ती जाळी तीनदा बारीक केली, उत्तर जागचं हललं नाही. हेच मॉडेल मागच्या सेमिस्टरला निकेलवर छान जुळलं होतं, त्यामुळे गाइड सरांचा संशय माझ्या मोजमापावर. मायक्रोमीटर तिघांनी लावून पाहिला, आकडे तेच. मग सर म्हणाले, टाफेलचे स्थिरांक थोडे हलव. हलवले की जुळतं, पण मग ते मॉडेल कसलं, अंगावर चढवून शिवलेला सदरा झाला तो.

युनिटमधले जुने प्लेटर काका दर रॉडच्या टोकाशी तांब्याची तार गुंडाळतात. कारण विचारलं तर म्हणाले, ‘छेडो तो वधारे खाय ज ने!’ म्हणजे टोक जास्त खाणारच. माझ्या रॉडला मी मुद्दामच तार लावू दिली नव्हती.

चूक जाळीत आहे की मुळात?

निवृत्त फोरमन: जाळीला दोष देऊ नका. ‘सगळीकडे 15 टक्के’, घोडं इथेच पेंड खातंय. निकेलमध्ये जवळजवळ सगळी वीज धातू बसवण्यात खर्च होते, म्हणून कार्यक्षमता स्थिर धरली तरी खपून जातं. क्रोममध्ये बहुतेक वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते, आणि करंट डेन्सिटी, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला अँपिअर, वाढली की धातूचा वाटा वाढतो. म्हणजे टोकाला वीजही जास्त आणि त्या विजेतून बसणारा धातूही जास्त. तुमच्या मॉडेलला यातलं पहिलंच ठाऊक आहे.

पुस्तकातला आलेख उचलू नका, जुन्या टाकीत लोखंड विरघळलेलं असतं. स्वतः टाकीत चाचणीच्या धातूच्या पट्ट्या टाका: 20, 30, 40, 50, 60 अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला एकेक. पाठ आणि कडा मेणाने झाका, नाहीतर तिथेही हाच खेळ. मेण पूर्ण निघाल्यावरच वजन करा. शंभर टक्के कार्यक्षमतेला एका अँपिअर-तासाला 0.323 ग्रॅम क्रोम बसतं. अर्धा चौरस डेसिमीटर पट्टीला 20 अँपिअर अर्धा तास दिले, म्हणजे 10 अँपिअर-तास. वजन अर्धा ग्रॅम वाढलं तर झाले सुमारे 15 टक्के. तापमान मात्र 55 वरून हलू देऊ नका, वर गेलं की कार्यक्षमता उतरते.

रसायनवाली: एवढ्या पट्ट्या टाकणार आहेस तर आधी एक सांगते. त्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक अ‍ॅसिडचा फवारा उडतो. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. टाकीवरचा एक्झॉस्ट चालू आहे का बघ, आणि वाकून डोकावू नकोस. रबरी हातमोजे, चष्मा, सगळं.

धागाकर्ता: फोरमनकाका, डोक्यात दिवाच लागला. ताई, एक्झॉस्ट आहे, पण रविवारी कोणी लावत नाही. आता मी लावेन. काका, पुढच्या रॉडला तार लावायची तर ती मॉडेलमध्ये कशी धरू?

निवृत्त फोरमन: तीही रॉडसारखी कॅथोडच, म्हणजे ऋण टोक. तिच्यावरही क्रोम चढतं, त्यामुळे 150 अँपिअरमधून तिचा वाटा जातो. व्यास, किती वेढे आणि कडेपासून अंतर, तिन्ही टाका.

धागाकर्ता: आत्ताच प्लेटर काकांना फोन करून तारेचा व्यास विचारला. म्हणाले, ‘जी हाताला लागेल ती.’ रविवारी व्हर्नियर घेऊन जातो.