मदत हवी आहे: बडोद्यात मुलांना वस्तू हाताळता येतील असं छोटं संग्रहालय मांडायचंय
नमस्कार मंडळी. परवा सहा वर्षांच्या लेकीला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं होतं. देवमाशाच्या सांगाड्यापुढून ती हलेचना. "आई, याचं हाड जड असतं का गं?" मी तोंडी उत्तर दिलं, पण तिला ते हातात घेऊन बघायचं होतं.

खास मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये निघालं. पुढे १९६०च्या दशकात बोस्टनच्या बालसंग्रहालयात तिथले संचालक मायकेल स्पॉक यांनी काचेची कपाटं बाजूला सारून वस्तू मुलांच्या हाती दिल्या. अशा ठिकाणी आईबापही सोबत खेळतात, मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. "हे बघ" म्हणण्याऐवजी आपण "तुला काय वाटतं?" विचारलं की मूल अंदाज बांधतं, करून पाहतं, चुकलं तर पुन्हा करतं.

आमच्या सोसायटीचा हॉल महिन्यातून एक रविवार मिळतोय. तराजू, कप्पी, आरसे, वाळू-पाणी एवढं जमवता येईल. कुणाकडे जुनं जातं पडून आहे का? तीन आणि दहा वर्षांची मुलं एकत्र कशी खेळवायची? आणि आजी-आजोबांना नुसतं खुर्चीत न बसवता खेळात कसं ओढायचं? कुणी असं काही केलं असेल तर जरूर सांगा.