शॉकर बदलूनही डाव्या चाकाची टकटक जात नाही. आता स्टेअरिंग रॅक बदलावा का?

उपवनकाठ:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती, नंतर तिला बाहेरून सीएनजी बसवून घेतले, आणि आता ती मी चालवते. कामाच्या दिवशी ठाण्याहून कळवा, विटावा, दिघामार्गे महापे गाठायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, असा तिचा नेम आहे. इंजिन अजून खणखणीत आहे, परंतु या पावसाळ्यापासून गाडी वाजू लागली आहे.

मुख्य तक्रार पुढच्या डाव्या बाजूची. वीस-तीसच्या वेगात उखडलेल्या रस्त्यावरून जाताना लोखंडावर लोखंड आपटावे तशी कोरडी टकटक ऐकू येते. डांबर गुळगुळीत लागले की ती पूर्णपणे थांबते. घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी गाडी रस्त्यावर न फिरवताच ‘शॉकर गेले’ असे सांगून पुढचे दोन्ही शॉकर बदलले. आवाज जसाच्या तसा आहे. आता ते म्हणतात की लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा भाग) दोन्ही बदलावे लागतील, आणि रॅकचा आकडा ऐकून मी इथे लिहायला बसले आहे.

याशिवाय दोन बारीक तक्रारी आहेत. साठच्या पुढे गेले की एकसुरी घूं ऐकू येते, जी पाम बीच रस्त्यावर विशेष जाणवते. आणि पावसाळी सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून कर्कश चीत्कार येतो, जो थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. पुढचा खर्च करण्यापूर्वी मला स्वतःला काय तपासता येईल, आणि फिटरला नेमके काय तपासायला सांगावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

तुर्भेफिटर:

ताई, रॅकला तूर्त कोणालाही हात लावू देऊ नका. आणि सर्वांत आधी पुढच्या दोन्ही चाकांचे नट पान्याने आवळलेले आहेत की नाहीत ते पाहा. नुकतीच चाके उतरवून काम झालेले आहे, त्यामुळे ही तपासणी फुकटची असली तरी ती टाळू नये.

शॉकर निकामी झाला की बहुधा गाडी आधी हेलकावू लागते, आणि त्याच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसतो. यातले काहीच नसताना केवळ टकटक ऐकून शॉकर बदलणे हा अंदाजपंचे कारभार झाला. आवाज कुठून येतो यावर फार विसंबू नये, कारण पत्र्यातून तो कुठच्या कुठे जातो आणि डाव्या कोपऱ्यातला ठोका डॅशबोर्डखाली ऐकू येतो. तो कधी येतो आणि काय केले असता थांबतो, हे मात्र फसवत नाही.

आता पहिली परीक्षा. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा एखादा गतिरोधक निवडा; सोसायटीच्या फाटकाशी असतो तसा चालेल. तो आधी सरळ, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच वेळी चढतील असा, अगदी सावकाश ओलांडा. मग मागे रहदारी नाही हे पाहून तोच गतिरोधक तिरका ओलांडा, म्हणजे एक चाक आधी चढेल आणि दुसरे नंतर. याचे कारण असे की पुढच्या दोन चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी एक वाकवलेली पोलादी दांडी असते, जिला अँटीरोल बार म्हणतात, आणि तिची टोके बहुतेक गाड्यांत लिंक रॉडने दोन्ही बाजूंच्या शॉकरला किंवा लोअर आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ही दांडी आपल्या बुशांमध्ये, म्हणजे रबरी वेढ्यांमध्ये, नुसती फिरते आणि तिला पीळ बसत नाही. एकच चाक उचलले गेले की ती पिळवटते, लिंकच्या सांध्यावर ताण येतो, आणि तो झिजलेला असेल तर ठोके देतो. सरळ जाताना शांतता आणि तिरके जाताना टकटक असेल, तर संशय आधी लिंक रॉडवर आणि मग दांडीच्या बुशांवर घ्यावा. हे सुटे भाग रॅकच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतात, आणि कदाचित त्यामुळेच काही ठिकाणी त्यांचे नाव सर्वांत शेवटी निघते.

दुसरी परीक्षा त्याच खराब पट्ट्यावर करा. टकटक चालू असताना ब्रेक अगदी हलका टेकवा, गाडी थांबणार नाही इतपतच. आवाज त्या क्षणी बंद झाला तर सस्पेन्शनला दोष देऊ नका; ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (पॅडना धरणारा ब्रेकचा भाग) सैल बसले आहेत किंवा कॅलिपरच्या पिना झिजल्या आहेत, असे समजावे.

तिसरी उभ्या गाडीवर. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडून डाव्या शॉकरच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा (तिथे बहुधा रबरी टोपी असते) आणि दुसऱ्या व्यक्तीला स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. ओढणी, बाही आणि केस पंख्यापासून दूर असावेत, कारण विजेवर चालणारा पंखा केव्हाही सुरू होतो. हाताखाली झटका लागला किंवा स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटल्यासारखी वाटली, तर माउंटिंगचे, म्हणजे शॉकरला वर गाडीशी जोडणाऱ्या भागाचे, बेअरिंग खराब आहे. शॉकर नवे घालून माउंटिंग मात्र जुनेच ठेवणे, किंवा वरचा नट पुरता न आवळणे, हे प्रकार सर्रास होतात, म्हणून बिलात माउंटिंगची नोंद आहे का तेही पाहावे.

रॅक सैल असेल तर ठोका कानाइतकाच हाताला कळतो. बारीक खडबडीत रस्त्यावर तो स्टेअरिंगमधून बोटांना जाणवतो, आणि गाडी उभी असताना स्टेअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे पटपट हलवले तरी जाणवतो. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही. अॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचे लक्षण वेगळे असते: स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना लयीत कटकट होते, आणि चाकाच्या आतल्या बाजूला फाटलेल्या रबरी बूटमधून ग्रीस उडालेले दिसते.

फिटरला सांगायचे ते इतकेच की गाडी रॅम्पवर टांगू नका, पिटवर, म्हणजे खाली उभे राहून काम करण्याच्या खड्ड्यावर, घ्या. चाके लटकत असताना सस्पेन्शनवरचा भार निघून जातो आणि भाराखाली वाजणारा सांधा तिथे मुका होतो. चाके जमिनीवर असताना एकाने गाडी बाजूने धरून हलवावी आणि दुसऱ्याने पिटमध्ये उभे राहून लिंक रॉड मुठीत धरावा. सैल सांध्याचा ठोका थेट हाताला बसतो. शंका राहिलीच तर दोन्ही लिंक तात्पुरते काढून त्याच खराब पट्ट्यावरून सावकाश एक फेरी मारावी. आवाज नाहीसा झाला तर उत्तर मिळाले. मात्र तशा अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून वेगात जाऊ नये.

घूं आवाजाबद्दल माझा संशय चाकाच्या बेअरिंगवर आहे. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसात साचणाऱ्या पाण्यातून ही गाडी जात असणार, आणि बेअरिंगचे सील जुने झाले की पाणी आत शिरते.

पारसिक:

फिटरसाहेबांचे टकटकीचे विवेचन मान्य आहे, परंतु घूं आवाजासाठी बेअरिंगआधी टायर पाहावेत असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या शॉकरआधी गाडी कित्येक महिने सैल सस्पेन्शनवर धावली असेल, तर टायर लहरीलहरींनी झिजलेले असण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा टायरांचा आवाज बेअरिंगसारखाच असतो.

टायरच्या नक्षीवरून तळहात आधी पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर दोष टायरचा. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो: ठाणे-बेलापूर रस्त्याच्या काँक्रीटवर वेगळा, पाम बीचच्या डांबरावर वेगळा. बेअरिंगला रस्त्याच्या पृष्ठभागाशी फारसे देणेघेणे नसते. ते वेगाबरोबर चढत जाते. आणखी एक खूण अशी की लांब, सौम्य उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे डावे बेअरिंग खराब असल्यास घूं तिथे वाढते आणि डाव्या वळणावर कमी होते. आवाज इंजिनचा आहे का, हे ठरवण्यासाठी वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनचे फेरे वाढूनही आवाजाचा सूर तोच राहिला, तर तो चाकांकडचा आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेणे. आवाज जागा बदलून मागे गेला, तर बेअरिंगवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही. टायरच्या बाजूवर उमटवलेल्या कोडच्या शेवटी असलेले चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर कडक झालेला जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी वाजतो आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतो.

बेअरिंगच निघाले, तर ते प्रेसवर बसवणारे ठिकाण शोधावे. अनेक हॅचबॅक गाड्यांत ते चाकाच्या नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग) दाबून बसवलेले असते आणि हातोड्याने ठोकलेले नवे बेअरिंग अल्पावधीतच पुन्हा घुमू लागते.

नेरुळकर:

सकाळच्या चीत्काराचे उत्तर फॅनबेल्ट. इंजिन चालू असताना लांबून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर थांबून परत सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्टच्या खाचा झिजल्या आहेत. फवारा पडताच वाढला तर बेल्ट ढिला आहे. बेल्टवर साबण किंवा मेण चोळण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

एक राहून गेलेली गोष्ट अशी की आपल्या गाडीत सीएनजीची टाकी आहे. भरलेली पोलादी टाकी जड असते आणि तिच्या कंसाचे बोल्ट सैल झाले तर ती मागे खडखडते, पण बंद काचांच्या गाडीत तो आवाज पुढून आल्यासारखा भासतो. म्हणून परीक्षा घेण्यापूर्वी डिकी रिकामी करावी, जॅक आणि पाने बाहेर काढावेत, स्टेपनी घट्ट बसवलेली आहे हे पाहावे. टाकीचे बोल्ट मात्र स्वतः आवळत बसू नये, सीएनजीचे काम करणाऱ्याकडूनच ते करून घ्यावे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते. ती जवळ आली असेल तर दोन्ही कामे एकदम उरकतील.

उपवनकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या आणि निष्कर्ष बऱ्यापैकी स्पष्ट निघाला.

चाकांचे नट घट्ट होते. डिकी रिकामी करूनही टकटक राहिली आणि ब्रेक टेकवून काहीच फरक पडला नाही. सोसायटीच्या फाटकावरचा गतिरोधक सरळ ओलांडला तेव्हा गाडी निमूट गेली. तिरका ओलांडताच डावीकडून ठोके आले. त्यानंतर वागळे इस्टेटमधल्या एका पिट असलेल्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलाने डावा लिंक धरून माझाही हात त्यावर ठेवायला लावला. खालच्या सांध्याचे रबर फाटलेले होते, आत ग्रीसऐवजी गंजाचा तांबडा चिखल होता, आणि गाडी हलवली की ठोका तळव्याला स्पष्ट लागत होता. दोन्ही बाजूंचे लिंक बदलले आणि ती टकटक पूर्णपणे गेली. रॅक निर्दोष असल्याचे त्याने स्वतःहून सांगितले.

पारसिक यांचा अंदाजही बरोबर निघाला. पुढच्या टायरांना करवतीसारखे दाते होते, आणि टायर मागे घेताच घूं मागच्या सीटखालून येऊ लागली. बेल्टवर फवारा मारताच चीत्कार वाढला, म्हणून त्याचा ताण योग्य करून घेतला.

आता फक्त एक आवाज उरला आहे, जो पूर्वी टकटकीत लपला असावा. ब्रेक दाबून गाडी थांबवताना, आणि रिव्हर्समध्ये निघताना, डावीकडून एकच मऊ ‘धप्प’ असा आवाज येतो. त्यासाठी लोअर आर्म पूर्ण बदलावा का?

तुर्भेफिटर:

ताई, थांबताना एकदा आणि उलट दिशेने निघताना एकदा असा एकेरी ठोका म्हणजे बहुतेक वेळा लोअर आर्मचा मागचा बुश. ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते, रिव्हर्समध्ये निघतानाही मागेच रेटले जाते, आणि बुशाचे रबर फाटलेले असेल तर आर्म आपल्या जागेत तेवढा सरकतो. पिटवर टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म पुढे-मागे रेटला की चीर डोळ्यांना दिसते. त्याच वेळी इंजिनची माउंटिंगेही पाहून घ्यावीत, कारण त्यांचा ठोकाही गाडी निघताना असाच येतो. तो ब्रेकवर नसतो, क्लच सोडताना असतो.

आर्म पूर्ण बदलायचा की नुसता बुश, हे बॉल जॉइंटवरून (आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा) ठरवा. चाक जॅकवर उचलून एका हाताने वरून आणि दुसऱ्याने खालून धरून हलवावे. सैलपणा जाणवला आणि कोणी ब्रेक दाबून धरल्यावर तो नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा; ब्रेक दाबूनही तो राहिला तर बॉल जॉइंटचा. बॉल जॉइंट गेलेला असेल आणि तो आर्मलाच जोडलेला असेल तर पूर्ण आर्म घ्यावा. तो घट्ट असेल तर नुसता बुश प्रेसवर बसवून घेणे स्वस्त पडते आणि तेवढेच टिकते.

काम करून घेताना समोर उभे राहून एक गोष्ट पाहा. आर्मचे बोल्ट चाके लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. गाडी जमिनीवर उतरवून तिचे वजन चाकांवर आल्यानंतरच ते पूर्ण आवळायचे असतात. रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते, त्यामुळे लटकत्या स्थितीत बोल्ट घट्ट केला तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. आर्म सुटल्यावर चाकांचे कोनही बदलतात, म्हणून त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. नवे टायर घेण्याचा विचार असेल तर ते अलाइनमेंटच्या आधी बसवा.