मदत हवी आहे: 'व्हील ऑफ टाइम' संपली, आता पुढे काय वाचू?

मंडळी, कॉलेजात असताना हातात घेतलेली रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीमालिका अखेर संपवली. 14 जाडजूड खंड! मध्ये नोकरी, लग्न, घर बदलणं सगळं झालं. दहाव्या खंडात तर गाडी पार रुतली होती. पेरिन बायकोला शोधतोय तो शोधतोच आहे, नायनीव वेणी ओढतेय ती ओढतेच आहे, कथा काही हलत नाही.

2007 मध्ये जॉर्डन गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले. मला धाकधूक होती, पण बाराव्या खंडातला एग्वेनचा भाग वाचला आणि शंका मिटली. (मॅटचे विनोद मात्र तिथे जमलेले नाहीत, हे माझं ठाम मत.) शेवटच्या लढाईचं प्रकरण जवळपास 200 पानांचं आहे, ते रात्रभर जागून वाचलं.

आता दुसरं काही हातात धरवत नाही. 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा आत्ता वाचण्यात अर्थ आहे का, की सगळं माहीत असल्यामुळे फिकी वाटेल? एरिक्सनची 'मलाझान' घेऊ, की सँडरसनचीच 'स्टॉर्मलाइट'? 'मलाझान'चा पहिला खंड डोक्यावरून जातो म्हणतात, खरंय का? मराठीत नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचलंय, त्यापलीकडे अद्भुतरम्य आणि ऐसपैस असं काही असेल तर तेही सुचवा. फक्त अर्धवट राहिलेली मालिका नको, आणि कृपा करून कथानक फोडू नका.