चार अक्षरांवरून स्थळ नाकारायचं?

रंकाळाकाठ
माझ्या आतेबहिणीला स्थळ आलं होतं. राजारामपुरीत बघण्याचा कार्यक्रम झाला, ३६ पैकी २६ गुण जुळले, दोन्हीकडची माणसं खूश. चौथ्या दिवशी मुलानं फोनवर एक लिंक पाठवली. प्रश्न सोडवायचे, शेवटी तुमचा व्यक्तिमत्त्व प्रकार चार अक्षरांत. तिनं मनापासून भरलं. दोन दिवसांनी निरोप आला, 'दोघांचे प्रकार संघर्षाचे आहेत, पुढं नको.'

नकाराचं काही नाही, येतातच. पण त्या रात्री ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तोच निकाल परत परत वाचत होती. मला म्हणाली, "दादा, मी खरंच अशी आहे का रे?" तेव्हापासून डोकं तापलंय.

मग मी वाचत बसलो. कार्ल युंगनं १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना, संवेदन-अंतर्ज्ञान अशी मांडणी केली. त्यावरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बनवली, सोळा प्रकार झाले. पुढं लिथुआनियाच्या औश्रा ऑगस्टिनाविच्यूते यांनी १९७० च्या दशकात 'सोशिऑनिक्स' मांडलं. त्यात कुठल्या प्रकाराचं कुणाशी कसं जमतं याचा तक्ताच आहे. एकाची कमतरता दुसरा भरून काढतो ते पूरक नातं. एकाचं बळ नेमकं दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर पडतं ते संघर्षाचं. मुलानं हाच तक्ता काढलेला दिसतोय.

माझं म्हणणं, ही नवी पत्रिकाच आहे. माणसाशी न बोलता माणूस ठरवायचा.

उद्यमनगरची लेक
दादा, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण सगळं एका फटक्यात मोडीत काढू नका.

उद्यमनगरात आमचा वर्कशॉप आहे. वडील गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ बघतो. आठ वर्षं रोज भांडण. पार्टी फोन करायची, हा उचलायचा नाही. मी म्हणायची माजलाय. मी उभ्या उभ्या पाच कामं सांगायची, तो लेथवरून मान वर करायचा नाही. मग एका शिबिरात हे सोळा प्रकार शिकवले आणि त्याचं वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो माझा अपमान करत नव्हता. एका वेळी एकच काम त्याच्या डोक्यात मावतं, आणि ते तो माझ्यापेक्षा दहापट चांगलं करतो.

आता शटरच्या आत एक फळा आहे. मी ऑर्डर खडूनं लिहिते, तो काम झालं की पुसतो. फोन माझ्याकडं. तक्त्याप्रमाणं आमचंही नातं 'संघर्षाचं'च निघालं होतं. तरी त्या कागदानं आमचं घर सांधलं.

वर्गातली बाई
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं. वर्णन वाचून 'हा तर माझाच भाऊ' वाटतं, त्याची एक बाजू बघा. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं खास वर्णन' दिलं. सगळ्यांना मजकूर एकच होता, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

दुसरं, माणसं दोन टोकांना नसतात. बहुतेक मधेच असतात. मधे रेघ मारली की जेमतेम अलीकडचा अंतर्मुख आणि जेमतेम पलीकडचा बहिर्मुख, आणि महिन्याभरानं परत चाचणी दिली की अक्षर बदलू शकतं. म्हणून संशोधनात आज स्वभावाच्या पाच पैलूंची मोजपट्टी जास्त वापरतात, ती कमी-जास्त सांगते, खोक्यात घालत नाही. संसाराच्या सुखाचा संबंध त्यातल्या त्यात भावनिक स्थैर्याशी दिसतो. दोघांचे प्रकार एकमेकांना पूरक असले की संसार चांगला होतो, याला भक्कम पुरावा नाही.

तांबडी माती
आमच्या तालमीत वस्ताद जोड लावतात ती बघून. नवा पोरगा आला की महिना-दोन महिने त्याला नुसतं बघतात. मार खाल्ल्यावर रडतो का, चिडतो का, दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो का. मग ठरवतात हा कुणाबरोबर लढंल. प्रकार असतातच भावा, वस्तादांच्या डोक्यात बी असतात. पण ते मातीत बघून, फोनवर विचारून न्हवं.

उद्यमनगरची लेक
बाई, तुमचं खरं असेल. पण तो मजकूर कुणालाही लागू पडणारा असता, तर माझ्या स्वतःच्या वर्णनात मला भाऊ का दिसला नाही? आणि समजा चाचणी कच्ची आहे. तिनं मला थांबून बघायला लावलं, हे तर खोटं नाही ना?

वर्गातली बाई
खोटं नाही. तुम्ही बघितलंत, श्रेय मात्र चाचणीला देताय.

रंकाळाकाठ
ताई, तुमचं मला पटलं, आणि माझं मत त्यानं अजून पक्कं झालं. तुम्ही आठ वर्षं भावाशेजारी उभं राहून मग तो कागद वाचलात. भांडणात तुम्हाला दार सापडत नव्हतं, ते कागदानं दाखवलं. त्या मुलानं अजून भांडण झालेलंच नसताना कागदावरून दार लावून घेतलं. 'संघर्षाचं' निघूनही तुम्ही दोघं एकाच शटरखाली आहात, हे त्याला कुणी सांगायचं?

उद्यमनगरची लेक
तरी मी त्याला पूर्ण दोष देणार नाही. कांदेपोह्यांच्या तासाभरात कुणाला काय कळतं? घाबरलेलं पोर आधार शोधतं. पण निकाल आल्यावर बहिणीला एक फोन करायला पाहिजे होता. 'तुला राग आला की तू काय करतेस?' एवढंच विचारायचं. ती बोलली असती.

रंकाळाकाठ
हे सगळं तिला आत्ता वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांच्या फळ्यावर आज काय लिहिलंय ते विचार."

उद्यमनगरची लेक
शिरोलीच्या पार्टीचे चाळीस बुश, शनिवारपर्यंत. खाली भावानं लिहिलंय, 'ताई, जेवून घे.'