तळमजल्याचे गाळे भाड्याने देताना काय बघावं? (फोंडा, गोवा)

प्रश्न
फोंड्याजवळ पंचायत हद्दीत इमारत आहे. खाली 30 चौरस मीटरचे दोन गाळे, वर चार बिऱ्हाडं. एका गाळ्याला दोघे विचारतायत: खानावळवाला जास्त भाडं देतो, औषध दुकानवाला कमी. करार 11 महिन्यांचा करावा की 3 वर्षांचा?

उत्तर 1
भाड्याच्या आकड्याआधी सेप्टिक टाकी बघा. चार घरांच्या हिशोबाने बांधलेल्या टाकीत खानावळीचं तेलकट पाणी गेलं की तेलाचा थर धरतो, पुढे सोक पिट (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) बुजतो. जून-जुलैत जमीन आधीच पाण्याने भरलेली असते, मग तुंबलेलं पाणी मागे फिरून खालच्याच संडासात वर येतं. खानावळ द्यायचीच असेल तर ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) भाडेकरूच्या खर्चाने, दर आठवड्याला साफ करायची अट करारात, आणि शक्यतो टाकी वेगळी. धुराची नळी गच्चीच्या वर नेता येत नसेल तर विषय सोडा. एक्झॉस्ट वरच्यांच्या खिडकीखाली सोडला की पंचायतीत तक्रार आलीच.

माझं मत औषध दुकानाला. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान 10 चौरस मीटर जागा लागते, तुमच्याकडे तिप्पट आहे.

उत्तर 2
एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवावाच लागतो. 3 वर्षांचा करार नुसता नोटरी करून ठेवलात तर मुदत आणि लॉक-इन (मध्येच गाळा सोडता न येण्याचा काळ) कोर्टात सिद्ध करायला तो कागद चालत नाही. वर ‘लीव्ह अँड लायसन्स’ (भाडेपट्टा नाही, नुसती वापरायची परवानगी) लिहूनही भागत नाही. चावी आणि पूर्ण ताबा दिलात तर कोर्ट मथळा नाही, व्यवहार बघतं.

गोव्यात आणखी एक: मालमत्ता नवरा-बायकोच्या सामाईक मालकीची असेल तर दोघांच्या सह्या घ्या. वडिलोपार्जित असून इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करायची कायदेशीर प्रक्रिया) झाली नसेल तर इतर वारसांची लेखी संमती आधी. ऑक्युपन्सीत (इमारत वापरायच्या दाखल्यात) गाळा ‘दुकान’ म्हणून दाखवलाय ना, तेही बघा. तिथे घर लिहिलं असेल तर व्यापार परवान्याला अडतं.

प्रश्नकर्ता
ऑक्युपन्सीत दुकानच आहे. वीज मात्र घरगुती मीटरवरून घेतलीय.

उत्तर 3
ती आधी तोडा. घरगुती जोडणीवर दुकान चालवणं म्हणजे अनधिकृत वापर. वीज कायदा 2003, कलम 126 प्रमाणे लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, कालावधी ठरवता आला नाही तर मागच्या 12 महिन्यांची. बिल मीटरधारकाच्या, म्हणजे तुमच्या नावावर. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र व्यावसायिक मीटर घ्या, आणि भाडेकरूने गाळा सोडताना शेवटचं बिल भरल्याशिवाय डिपॉझिट परत नाही, हे करारात घाला.

जीएसटी: तुमची एकूण वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी नको. पण भाडेकरू जीएसटीत नियमित नोंदलेला असेल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचे 18 टक्के त्यानेच भरायचे. ‘भाडं करांसहित’ असं वाक्य करारात राहू देऊ नका, तो ती रक्कम तुमच्या भाड्यातून कापू बघेल.