‘तांबडा समुद्र’ की ‘लव्हाळ्यांचा समुद्र’?

प्रश्न : मराठी बायबलात ज्याला ‘तांबडा समुद्र’ म्हटलंय, त्याला मूळ हिब्रूत ‘याम सूफ’ आहे. याम म्हणजे समुद्र, सूफ म्हणजे लव्हाळे. मग ‘तांबडा’ कुठून आला? इंग्रजी ‘रीड’मधला (reed, लव्हाळे) एक ‘ई’ गळून ‘रेड’ (red, तांबडा) झाला म्हणतात, ते खरं का?

– छे! इंग्रजी भाषा जन्मायच्या कितीतरी आधी हा रंग चढला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं, तेच सेप्टुअजिंट. त्यात निर्गम 13:18 ला (निर्गम हे बायबलमधलं पुस्तक; अध्याय 13, वचन 18) ‘एरिथ्रा थालासा’ आहे. एरिथ्रा म्हणजे तांबडी (ग्रीकमध्ये समुद्र स्त्रीलिंगी). लॅटिनने त्याचं ‘मारे रुब्रुम’ केलं. इंग्रजी, मराठी सगळे त्याच वाटेने आले.

– म्हणजे भाषांतरकारांना सूफ कळलाच नाही?

– चांगला कळत होता. निर्गम 2:3 मध्ये बाळ मोशेची पेटी सूफमध्येच ठेवली आहे. तिथे त्यांनी ‘हेलॉस’, म्हणजे दलदल, असं लिहिलं. समुद्राचं नाव आलं तेव्हा मात्र शब्दार्थ सोडून वाचकांच्या ओळखीचं नाव घातलं. तेही सगळीकडे नाही. 1 राजे 9:26 ला ‘शेवटचा समुद्र’ आहे, कारण हिब्रू लिपीत स्वरचिन्हं नव्हती आणि त्याच अक्षरांचं ‘सोफ’, म्हणजे शेवट, असंही वाचन होतं. शास्ते 11:16 ला व्हॅटिकन हस्तलिखितात (ग्रीक बायबलची एक जुनी प्रत) नुसतं ‘सिफ’ आहे, सरळ लिप्यंतर.

– मग ‘लव्हाळ्यांचा समुद्र’ हेच बरोबर?

– घाई नको. 1 राजे 9:26 मधला याम सूफ एलाथजवळ, म्हणजे तांबड्या समुद्राच्याच एका फाट्यात, अकाबाच्या आखातात आहे. खाऱ्या पाण्यात लव्हाळे कुठले? आणि योना 2:5 मध्ये (हिब्रू आवृत्तीत 2:6) डोक्याला गुंडाळलेला सूफ हे समुद्रशेवाळ आहे. मराठी बायबलात ‘तांबडा’ रुळलाय, तो राहू द्यावा. तळटीपेत ‘याम सूफ’ द्यावं.

– एक पुरवणी. ग्रीकांच्या ‘एरिथ्रा थालासा’त इराणचं आखात आणि हिंदी महासागरही येत. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं याच समुद्रावर आहेत. तिथे मराठीत ‘एरिथ्रियन समुद्र’ लिहावं. ‘तांबडा समुद्र’ लिहिलं तर वाचक कल्याण जेद्दाच्या आसपास शोधत बसेल.